डॉक्टरबाईंच्या पानांवरचा ठिपका

अक्काला चोपड्याच्या अलीकडच्या एका गावात दिलं होतं. घरची केळी, थोडा कापूस, माणसं बरी. माझ्यापेक्षा ती बरीच मोठी, म्हणून मला ती बहिणीपेक्षा आईसारखीच जास्त. मी तेव्हा जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि कॉम्प्युटर शिकलं की नोकरी लागते असं सगळ्यांना वाटत होतं.

एका हिवाळ्यात अक्का अचानक आली. पिशवीत केळीच्या दोन फण्या आणि तुरीच्या शेंगा. चहा झाल्यावर तिने उजवा हात माझ्यासमोर धरला. दोन बोटांच्या टोकांवर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरे डाग होते, तांदळाच्या पिठाचा हात लागावा तसे.

"कव्हयपासून?" मी विचारलं.

"दिवाळी पहिलेनं," ती म्हणाली. "आधी चुना लागना आसं वाटनं."

"दाजींना माहीत आहे?"

"त्यासले मालूम शे," ती म्हणाली, आणि लगेच शेंगा सोलायला बसली.

मी तिला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी अक्काचा हात खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. मग विचारलं, "आणखी कुठे आहे का? बाही थोडी वर करू का मी?" अक्काने मान हलवल्यावरच त्यांनी बाही वर केली. दंड स्वच्छ होता.

"कोड आहे," त्या म्हणाल्या. "लागण होत नाही, कुष्ठरोग नाही, कोणाचं पाप नाही. लवकर आलीस हे चांगलं केलंस. मलम देते. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायचं. दर महिन्याला दाखवायचं."

अक्काने विचारलं, "दूध बंद करू का?"

"का?"

"पांढरं खायचं नाही म्हणतात."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. त्या मला म्हणाल्या, "बघ. अंगभर पसरल्यावर येतात, आणि तोवर कोणी दूध सोडलेलं असतं, कोणी दही, कोणी घरदार. तू काय करतेस?"

मी सांगितलं. तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. त्या नुकत्याच परदेशात मुलाकडे जाऊन आल्या होत्या. तिथे लोक घरात बसून कॉम्प्युटरवर आजारांची माहिती वाचतात, हे त्यांनी पाहिलं होतं. "आपल्याकडे हा आजार लोक लपवतात. लपून वाचता येईल असं काहीतरी मराठीत हवं. करशील का?"

अशा रीतीने अक्काच्या डागांमुळे माझ्या हाताला पहिली वेबसाइट लागली.

काम सोपं नव्हतं. मराठी अक्षरं दिसायची तर समोरच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट असावा लागे. नसला की नुसती चिन्हांची खिचडी. म्हणून मी मजकूर मराठीत टाइप करून त्याचं चित्र बनवायची आणि ते चित्र पानावर ठेवायची. शुद्धलेखनाची एक चूक निघाली की अख्खं चित्र पुन्हा. डॉक्टरबाई रुग्ण संपल्यावर दुपारी मजकूर सांगत आणि मी लिहून घेई. कोड म्हणजे काय, कोड आणि कुष्ठ वेगळे कसे, पथ्याच्या खोट्या समजुती, लग्न आणि कोड. एक पान त्यांनी फार विचार करून सांगितलं: घरच्यांना कसं सांगावं. त्यात उपदेश नव्हता. आधी कोणाला सांगावं, कोणत्या वेळी सांगावं, समोरचा गप्प बसला तर काय समजावं, एवढंच.

साइट सुरू झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी पेढे दिले. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, "कोणी वाचतं का पण?"

ते कळायची काही सोय आम्ही केलीच नव्हती.

"आणि कुठपर्यंत वाचतात? पहिलंच पान बघून पळतात, की पुढे जातात? ते कळलं तर मजकूर सुधारता येईल."

साइट ठेवायला इंटरनेटवरची जागा आम्ही पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतली होती. मी त्यांना फोन लावला. ते उत्साही होते, आणि दर वाक्याला 'मॅडम' म्हणत.

"सोप्पं आहे, मॅडम. एक म्हणजे आकड्यांचं काउंटर लावा, पानाच्या तळाला दिसतं तसं. पण त्यात नुसता आकडा. दुसरं, ठिपका."

"कसला ठिपका?"

"एकाच बिंदूचं चित्र. रंग नसलेलं, दिसणारच नाही. पान उघडलं की वाचणाऱ्याचा कॉम्प्युटर ते चित्र मागवतो, आणि ज्यांच्याकडून मागवतो त्यांच्याकडे नोंद होते. परदेशातली एक कंपनी हे फुकट देते. केव्हा उघडलं, कोणत्या पानावरून कुठे गेला, सगळं. शिवाय त्याच्या कॉम्प्युटरवर एक खूण ठेवतात, म्हणजे तोच पुन्हा आला की ओळखू येतो."

"आणि तिसरं?"

"तिसरं म्हणजे तोच ठिपका तुम्ही आमच्या इथल्या तुमच्या जागेत ठेवायचा आणि मोजणारा छोटा प्रोग्राम स्वतः लिहायचा. कशाला डोकं शिणवता, मॅडम? फुकटचा घ्या. पानांच्या तळाला जी सामाईक पट्टी आहे तिच्यात एकदा घाला, सगळीकडे आपोआप जाईल."

मी फुकटचा घेतला आणि सामाईक पट्टीत घातला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पानांवर ठिपका बसला होता. डोळे फाडून पाहिलं तरी मलासुद्धा दिसत नव्हता, याचं मला कौतुक वाटलं.

आठवड्याभराने डॉक्टरबाईंना अहवाल उघडून दाखवला. त्या चष्मा पुसून पुढे वाकल्या. वाचणारे फार नव्हते, पण होते. मुंबईकडचे, परदेशातले मराठी, कोणी नाशिकचे असावेत. आश्चर्य म्हणजे सगळ्यांत जास्त उघडलं गेलेलं पान पथ्याचं होतं. "दूध!" डॉक्टरबाई हसत म्हणाल्या. "सगळ्यांना दुधाचंच पडलंय. ते पान वाढवू या." आम्ही ते वाढवलं. दही, मासे, लिंबू, वांगी, एकेक घेऊन लिहिलं. खानदेशात कोणाला वांगं सोडायला सांगणं म्हणजे काय, ते डॉक्टरबाईंना चांगलं ठाऊक होतं.

अक्का दर महिन्याला येत होती. डॉक्टरबाईंकडून ती क्लासमध्ये येई आणि चोपड्याच्या गाडीची वेळ होईपर्यंत कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसे. माउस धरायला तिला मीच शिकवलं होतं, आणि पत्त्यांचा खेळही. मी मुलांना शिकवत असे, ती पत्ते लावत असे. इंटरनेट कसं जोडायचं हेही तिने माझं बघून बघून उचललं होतं, हे मला माहीत नव्हतं.

एकदा मी अहवाल नीट वाचत बसले. एक वाचक पुन्हा पुन्हा येणारा होता. महिन्यातून एकदा, दुपारी. त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा फार लहान, पानं बघायचा प्रोग्रामही जुना. आधी मला वाटलं, ही मीच. कोपऱ्यातल्या त्या जुन्या मशीनवर मी कधी कधी पानं तपासत असे. पण त्या सगळ्या दुपारी तर माझा वर्ग चालू होता. मग मी तो कोणती पानं उघडतो ते पाहिलं. पहिल्या वेळी त्याने सगळी पानं चाळली होती. नंतर दर वेळी एकच. घरच्यांना कसं सांगावं. ते उघडायचं, बराच वेळ तसंच ठेवायचं, बंद करायचं.

मी मागे वळून कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. अक्का येऊन आठवडा झाला होता, आणि अहवालातली शेवटची नोंदही त्याच दिवसाची होती.

दाजींना माहीत नव्हतं तर. दिवाळीच्या आधीपासून आतापर्यंत ती एकटीच होती. मला रडू आलं, आणि त्याबरोबर एक वेगळीच अस्वस्थता आली. तिने हे मला सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवून ती दर वेळी हसत पत्ते लावत बसली होती, आणि परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने मला ते सांगून टाकलं होतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवला आणि तिला स्टँडपर्यंत पोचवायला निघाले. रस्त्यात रसवंतीवर बसलो. घुंगरांच्या आवाजात बोलणं कोणाला ऐकू जाणार नव्हतं.

"अक्का, दाजींना सांगितलं नाहीस ना?"

ती ग्लासाकडे बघत राहिली. "तुले कोणी सांगं?"

मी सगळं सांगितलं. ठिपका म्हणजे काय, नोंद कशी होते, मला कसं कळलं. ती शांतपणे ऐकत होती. दहावीपर्यंत शिकलेली, हुशार होती अक्का. दोनदा विचारावं लागलं नाही तिला.

"म्हणजे मी वाची राहिनू, आणि ते पान मनाकडे देखी राहिनं," ती म्हणाली.

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"तुनावर राग नही मना," ती म्हणाली. "तू मनी बहीण शे. पण दुसरी एखादी बाई राही, तिनं काय? तिले वाटी, कोणीच देखत नही. म्हणीसन तं वाचस ती."

"काढून टाकू का मग?"

तिने रस संपवला. पदराने तोंड पुसलं. मग आम्ही स्टँडकडे चालू लागलो. स्टँडवर गाडी लागली होती, माणसं चढत होती. खिडकीत बसल्यावर ती म्हणाली, "एक सांगू? मी पहिलांदा वाचं, तव्हय मले वाटनं, इतलं लिखेल शे म्हणजे मनासारखा आखो कितला राहतीन. तो आकडा ऱ्हाता ना खाले, लोकेसना, तं बरं वाटतं. कोण, ते नको. कितला, ते दिसू दे."

गाडी गेली. चालत परत येताना मी तिच्या बोलण्याचा विचार करत होते. मी, डॉक्टरबाई आणि पुण्याचे गृहस्थ, आम्ही तिघांनी आकडा कोणासाठी हवा याचा विचार केला होता तो फक्त आमच्या बाजूने. वाचणाऱ्यालाही तो हवा असेल, हे तिच्यामुळे कळलं.

डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा दुपारचे रुग्ण संपले होते. अक्काचं नाव न घेता मी म्हटलं, "तो परदेशी ठिपका काढू या. आपला स्वतःचा करू. फक्त मोजणारा, खूण न ठेवणारा. आणि लग्नाच्या व घरच्यांना सांगायच्या पानावर तोही नको."

"अगं, तीच पानं तर मला कळायला हवीत!" त्या म्हणाल्या. "पथ्याचं पान कळलं, ते आपण सुधारलं. हे कळलं नाही तर सुधारणार कसं? मला कोणाचं नाव नकोच आहे. माणूस कुठे अडतो तेवढं हवं."

"नाव नव्हतं, तरी मला एकीचं कळलं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. कोण ते त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही कोणाची बाही वर करता तेव्हा आधी विचारता. मी पाहिलंय. आपण इथे विचारलंच नाही कोणाला."

बाहेर कंपाउंडर बाकं सरकवत होता. मग त्यांनी औषध लिहून द्यायच्या कागदांमधला एक कागद ओढला आणि त्यावर लिहायला लागल्या. खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मला वाचून दाखवलं: "हे पान किती वेळा उघडलं गेलं, एवढंच आम्ही मोजतो. कोणी उघडलं, ते मोजत नाही. खाली आकडा आहे, तो तुमच्यासारख्यांचाच आहे."

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. "आणि ती दोन पानं?"

"नको तिथे. राहू दे." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिथे काय सुधारायचं ते मी समोर बसलेल्या माणसालाच विचारीन."

पुण्याच्या गृहस्थांना माझं म्हणणं पटलं नाही. "मॅडम, इतकी माहिती फुकट मिळतेय आणि तुम्ही काढून टाकता? बरं, प्रोग्राम लिहा. पण सामाईक पट्टीतच घाला, नाहीतर एकेका पानावर हाताने चिकटवत बसाल."

"हातानेच चिकटवते," मी म्हटलं.

"का पण?"

"पट्टीत घातला की सगळीकडे जातो. नवीन पान केलं की तिथेही न विचारता जातो."

ते हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "एक सांगून ठेवतो, मॅडम. ठिपका लावा नाहीतर काढा, आमच्या मुख्य कॉम्प्युटरवर तशीही नोंद राहतेच. इंटरनेटवरच्या कोणत्या पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या कॉम्प्युटरवरून, कोणतं पान मागवलं, ती."

हे मला माहीतच नव्हतं. मी जरा हादरले. "ती पुसता येते का?"

"येते. आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी जुनी फाइल टाकूनच देतो. तुमची लवकर टाकायला सांगतो ऑफिसातल्या मुलांना."

त्यांनी सांगितलं की नाही, मुलांनी टाकली की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांच्या शब्दावर विसंबून राहण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. डॉक्टरबाईंना मी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आपल्या हातात होतं तेवढं केलं."

प्रोग्राम लिहायला मला बरेच दिवस लागले. पुस्तक मिळेना म्हणून धुळ्याला एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी आपलं पुस्तक दिलं आणि जेवूही घातलं. प्रोग्राम झाल्यावर तो आधी एकाच पानावर लावला, आणि पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा धुळ्याच्या एका सायबर कॅफेत ते पान उघडून पाहिलं. लाकडी फळ्यांनी केलेले कप्पे, दाराला पडदे. आमचं पान हळूहळू, एकेक ओळ करत उमटत होतं. ठिपक्याने आपलं काम केलं, खालचा आकडा एकाने पुढे गेला. शेजारच्या कप्प्यात कोणी नोकरीच्या जाहिराती शोधत होतं. मला फार आनंद झाला. आकडा लहानच होता, पण त्यातला एकही माणूस मला ओळखू येत नव्हता.

परत आल्यावर बाकीचं एकेक पान उघडून ठिपका चिकटवला. दर पानाशी क्षणभर थांबायचं: इथे हवा का? बहुतेक ठिकाणी हवा होता. दोन ठिकाणी नाही. 'मुलांमधलं कोड' या पानाशी मी अडले, आणि डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ठेव. ते आईबाप वाचतात, त्यांना एकटं वाटू नये."

अक्काने दाजींना नेमकं कोणत्या दिवशी सांगितलं, ते मला ठाऊक नाही. कापूस वेचणीच्या सुमारास तिचा फोन आला, गावातल्या एसटीडी बूथवरून. "सांगी दिधं," एवढंच म्हणाली. मागे गाडीचा हॉर्न वाजत होता.

"काय म्हणाले?"

"काहीच नही. जेवनात, आणि शेतमा निंघी गयात."

पुढे काही दिवस दाजी बोलले नाहीत. सासूबाईंनी अक्काचं ताट-वाटी वेगळी ठेवली. अक्का हे सगळं मला नंतर सांगत होती तेव्हा तिचा आवाज स्थिर होता, पण त्या दिवसांत तिने काय सोसलं असेल ते मी विचारलं नाही. मग एके दिवशी दाजी आपणहून म्हणाले, "चाल, मीबी येस जळगावले."

डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर दाजी टोपी मांडीवर घेऊन बसले. उंच, काळेसावळे, हाताला केळीच्या चिकाचे डाग पडलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बाई, केळीना चीकमुये व्हयना का हाई? ती घड कापाले येस मनासंगे. मीच लई येस तिले."

इतके दिवस ते त्या विचारात होते. आपल्यामुळे बायकोला हे झालं, असं मनात धरून गप्प बसले होते. अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिकाने नाही, तुमच्यामुळे नाही. तुमचे डाग बाहेरून लागलेले, हिचे आतून आलेले."

"मंग ताटवाटी?"

"एकाच ताटात जेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि ते तुमच्या आईसमोर जेवा."

दाजी लाजले. अक्का हसली, बऱ्याच महिन्यांनी ती तशी हसली.

नंतर ते दोघं क्लासमध्ये आले. दाजींना माउस काही जमेना. बाण पडद्याबाहेर निघून जाई आणि ते हातातला माउस उलटा करून त्याच्या पोटाखाली बघत. शेवटी अक्काच पुढे बसली आणि त्यांना पानं वाचून दाखवू लागली. पथ्याचं पान आलं तेव्हा ते म्हणाले, "वांगं चालस ना? मंग झाय." खाली तो आकडा होता. त्यांनी बोट टेकवून विचारलं, "हाई काय?"

"इतला लोक," अक्का म्हणाली.

ती साइट काही वर्षं चालली. डाग अक्काच्या मनगटावरून बरेचसे गेले, बोटांवरचे राहिले. डॉक्टरबाई थकल्यावर त्यांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरांना दिला. त्यांना साइट नको होती, म्हणून साइटच्या जागेची मुदत संपू दिली. मी नंतर पुण्याला गेले आणि हेच काम करत राहिले, मोठ्या कंपन्यांसाठी. ठिपक्यांची नावं बदलली, रीती बदलल्या, एका जागी घालून सगळीकडे पोचवायची साधनं आली. मीही ती वापरते. हाताने चिकटवायला आता कोणाला वेळ नाही. मात्र काम सुरू करण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारते, यातलं कोणतं पान न मोजता सोडायचं? बहुतेक जण म्हणतात, एकही नाही. एखादा विचारात पडतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून एखादं पान सांगतो.